बाकाचा रंग आणि वुब्बोची पातळी

"तुझी वेळ संपली, वुब्बो! गप्प बस!"

"अरे, पण मी बोलतच नव्हतो! मी तुम्हाला बोला म्हणून सांगत होतो!"

"तेच ते. सांगायची वेळ संपली." बेरेंडने अंडी उकडायचं घड्याळ टेबलावर आपटलं. घड्याळ कोंबडीच्या आकाराचं होतं. ते आपटल्यावर पुन्हा टणटणलं आणि ओडिल्याबाईंच्या कपातली कॉफी बशीत सांडली.

"बेरेंड, घड्याळ माझ्या बायकोचं आहे!"

"आणि वेळ माझी आहे! तूच दिलीस ना मला? मघाशी म्हणालास, बेरेंड, तू वेळ सांभाळणारा. मी सांभाळतोय. आता का जळतंय तुझं?"

वुब्बो हार्टेमिंक स्वतःच्याच दिवाणखान्यात, स्वतःच्याच गालिच्यावर उभा होता. हातात जाड पेन, मागे स्टँडवर लावलेला मोठा कागद. कागदावर वर लिहिलं होतं, 'बाकाला कुठला रंग द्यावा?' खाली काहीच नव्हतं. कॉफीची दुसरी फेरी संपली होती, बिस्किटांचा डबा त्याच्या बायकोने, खेर्दीनने, कधीच बंद करून ठेवला होता, आणि त्या प्रश्नाखाली अजून एक रेघसुद्धा उमटली नव्हती.

आता बाक म्हणजे काही राजवाड्यातलं सिंहासन नाही. झुत्फेन गावातल्या त्या गल्लीत घरांच्या मागे कालव्याच्या कडेला एक लाकडी बाक आहे. पिवळं. म्हणजे एकेकाळी पिवळं. आता त्याचे पापुद्रे निघतात आणि बसलेल्या माणसाच्या पँटला चिकटतात. गल्लीतल्या प्रत्येकाच्या पँटला मागे पिवळे ठिपके आहेत, त्यावरून बाजारात कुणीही ओळखतं की हा कुठला. त्या बाकाला रंग द्यायचा. एवढंच काम. डबा आणायचा, ब्रश बुडवायचा, फासायचा. पण तसं केलं तर बैठक कुठून होणार? आणि वुब्बोला बैठक हवी होती. बाक गेलं खड्ड्यात.

त्याचं असं झालं. वुब्बो पाणी मंडळात कामाला होता. कालवे, बांध, पाणदरवाजे यांची देखरेख करणारं मंडळ. तिथल्या कुठल्या दरवाज्याची किल्ली कुठल्या खिळ्याला टांगलेली आहे हे वुब्बोला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. मग एक दिवस किल्ल्याच गेल्या. सगळे दरवाजे बटणावर आले. वुब्बोची साहेबीण लोटे, जी वयाने त्याच्या मुलीएवढी असेल, ती त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर येऊन बसली आणि गोड आवाजात म्हणाली, "वुब्बो, आम्हाला तुला गमवायचं नाहीये."

असं कुणी म्हणालं की समजायचं, गेलो.

"एक जागा आहे," लोटे म्हणाली. "शेतकरी, बोटवाले, पक्षीवाले सगळे एकमेकांवर ओरडतात ना, त्यांच्या बैठका चालवायला सुलभक हवाय. फक्त दुसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र लागेल. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी."

"आणि नाही मिळालं तर?"

लोटेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सुलभक म्हणजे काय, हे वुब्बोला कोर्सला गेल्यावर कळलं. बैठक चालवायची, पण अध्यक्ष नाही. मत द्यायचं नाही, बाजू घ्यायची नाही, लोकांनी आपापसात ठरवावं म्हणून फक्त रस्ता मोकळा करायचा. आणि यात पातळ्या असतात. माणसाने कुठे पातळ्या लावाव्यात याला काही सुमारच नाही. शाळेत इयत्ता, पोहायला बिल्ले, आणि आता लोकांना बोलू द्यायलासुद्धा पातळ्या. पहिल्या पातळीवाल्याने खुर्च्या गोलात मांडायच्या, पेनं वाटायची, कॉफी बघायची. दुसऱ्या पातळीवाल्याने खरी बैठक चालवून एक तरी निर्णय होऊ द्यायचा. तिसरीवाला भांडणाऱ्या लोकांत जातो. आणि चौथी पातळी म्हणजे गुरू. हा नुसता बसतो. काहीच करत नाही. तरी बैठक होते, आणि घरी जाताना लोक म्हणतात, "आम्हीच केलं सगळं, हा कशाला आला होता?"

"म्हणजे जो काही करत नाही त्याला सगळ्यात जास्त मान?" वुब्बोने त्या संध्याकाळी खेर्दीनला विचारलं. "आणि मी, जो खुर्च्या उचलतो, तो सगळ्यात खाली?"

"तुझ्या ऑफिसात वेगळं काय आहे?" खेर्दीन बटाटे सोलत म्हणाली.

खेर्दीनचं या सगळ्यात स्वतःचं एक दुखणं होतं. ती घरीच पियानो शिकवायची. गेल्या हिवाळ्यात वुब्बो पाठ धरल्यामुळे घरी पडला होता, तेव्हा त्याने प्रत्येक मुलाच्या मागे उभं राहून ताल धरला होता आणि मसाल्याच्या बाटल्या अक्षरांप्रमाणे लावल्या होत्या. हा माणूस कायमचा घरी बसला तर काय होईल याचं चित्र तिच्या डोळ्यासमोर होतं. त्यामुळे दुसरी पातळी वुब्बोला जितकी हवी होती, त्याहून खेर्दीनला जास्त हवी होती.

म्हणून बाक. वुब्बोचा हिशोब साधा होता. विषय जितका छोटा तितकी बैठक छोटी. किती चुकीचा हिशोब! बांध फुटणार की नाही यावर गल्लीतला माणूस म्हणतो, ते तज्ज्ञ बघतील. पण बाकाच्या रंगावर? त्यावर प्रत्येकाचा जन्मसिद्ध हक्क.

तर ती पहिली बैठक. ही नुसती तालीम होती, परीक्षेची बाई यायची होती नंतर. कोर्समध्ये सांगितलं होतं की प्रत्येकाला भूमिका द्या, माणसाला काम दिलं की तो भांडत नाही. ज्यांनी हे सांगितलं त्यांनी बेरेंड वासिंक बघितला नसावा. बेरेंड जन्मभर नदीवरचा उचलता पूल उघडबंद करत होता. त्याला वेळ दिली. फ्लोरिस, पलीकडच्या घरातला तरुण आर्किटेक्ट, ज्याच्या घरात खुर्चीपासून कुत्र्यापर्यंत सगळं राखाडी आहे, त्याला लिहायला दिलं. ओडिल्याबाई गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्यांना दिलं वातावरण. म्हणजे कुणी चिडलं, कुणी हिरमुसलं तर त्यांनी सांगायचं.

"आणि खेर्दीन, तू कॉफी."

"ही भूमिका मी लग्नापासून करतेय," खेर्दीन म्हणाली. "तिची पातळी कुठली?"

मग वुब्बोने हात पसरले, कोर्समध्ये दाखवले होते तसे, तळवे वर. "तर मंडळी! बाकाच्या रंगाबद्दल गटाचं काय म्हणणं आहे?"

बेरेंडने कोंबडीची चावी फिरवली.

"फ्लोरिस?"

"मी लिहिणारा आहे," फ्लोरिस म्हणाला. "लिहिणाऱ्याने मत घुसडायचं नाही, तूच म्हणालास."

"बरोबर. बेरेंड?"

"मी वेळ. तुझी चाललीय."

"ओडिल्याबाई?"

"वातावरण ठीक आहे," ओडिल्याबाई म्हणाल्या. "थोडा वारा येतोय दारातून, पण ठीक."

"मग गट कुठाय?" वुब्बोचा आवाज चढला.

सगळ्यांनी गोलात नजर फिरवली. एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर मांजर बसलं होतं.

"विचार त्याला," खेर्दीन म्हणाली.

तिथून पुढे कोंबडी टणटणली आणि ते सगळं झालं जे मी सुरुवातीला सांगितलं. शेवटी वुब्बोने चिडून सगळ्यांच्या भूमिका काढून घेतल्या. तर मग सगळेच एकदम बोलायला लागले. बेरेंड म्हणाला, पिवळाच, हर्मानने दिला होता तोच, त्याची आठवण आहे. हर्मान म्हणजे ओडिल्याबाईंचे गेलेले मिस्टर आणि बेरेंडचा मासेमारीतला जोडीदार. बाक त्यानेच बनवलं होतं. फ्लोरिस म्हणाला, आठवणीबद्दल मला आदर आहे, पण तो पिवळा रंग डोळ्यात खुपतो, सौम्य राखाडी-हिरवा घेऊ. बेरेंड म्हणाला, तुझ्या कुत्र्याला फास. फ्लोरिस म्हणाला, कुत्र्याला मध्ये आणू नका.

"ओडिल्याबाई, तुमचं काय?" खेर्दीनने विचारलं.

"मला काहीही चालेल," ओडिल्याबाई म्हणाल्या आणि बशीतली कॉफी परत कपात ओतायला लागल्या.

"बघा, बाईंना चालेल!" बेरेंड आणि फ्लोरिस दोघंही एकदम म्हणाले, आणि पुन्हा भांडायला लागले.

सगळे गेल्यावर खेर्दीनने स्टँडवरचा कागद काढला. कागद मध्येच केव्हातरी घसरला होता आणि फ्लोरिसने 'राखाडी-हिरवा' हे शब्द, खाली दोन रेघा मारून, थेट भिंतीला चिकटवलेल्या नक्षीच्या कागदावर लिहिले होते. पेन न पुसलं जाणारं होतं. खेर्दीन ओरडली नाही. ती ओरडत नाही, आणि तेच वाईट. तिने त्या अक्षरांवर लग्नाचा फोटो टांगला आणि म्हणाली, "पुढची बैठक बाहेर."

दुसऱ्या दिवसापासून गल्ली सल्ले द्यायला लागली. वुब्बो कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर पडला की बेरेंड सायकलला टेकून उभा.

"मी सांगू? घंटा वाजव. पुलावर मी हेच करायचो. घंटा वाजवली, फाटक पाडलं, सगळे थांबले. आमदार असो नाहीतर भाजीवाला. कुणाला कधी विचारलं नाही, तुमचं काय म्हणणं आहे पुलाबद्दल."

"बेरेंड, मला लोकांना थांबवायचं नाहीये. बोलू द्यायचंय."

"मग तू मेलास," बेरेंड म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

फ्लोरिसने घरी येऊन रंगांच्या पट्ट्यांचा पंखा उघडून दाखवला. त्यात राखाडी-हिरव्याचेच इतके प्रकार होते की वुब्बोला गरगरलं. एकाचं नाव 'पहाटेचं धुकं', एकाचं 'ओलं पोतं'. वुब्बोला दोन्ही सारखेच दिसले. त्याने तसं म्हटलं. फ्लोरिस दुखावला. सुलभकाने मत द्यायचं नसतं, हे त्याने वुब्बोला त्याच्याच दारात उभं राहून समजावलं.

मग कुणीतरी म्हणालं, बाकाचे पुढचे दोन पाय नगरपालिकेच्या फरसबंदीवर आहेत, म्हणजे परवानगी लागणार. वुब्बो सरळ माणूस. दुसऱ्याने ऐकलंच नाही असं दाखवलं असतं. हा गेला नगरपालिकेत. नंबराचा कागद घेतला, बसला, नंबर लागला.

खिडकीतला माणूस सँडविच खात होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "जुन्या गावाच्या भागात रंग बदलायचा तर परवानगी लागते. पण आम्ही ठरवत नाही हो. ते दिवस गेले. रहिवाशांनी बैठक घेऊन एकमताने ठरवायचं."

"तेच तर करतोय!"

"छान. बैठक चालवणारा प्रमाणित हवा. दुसरी पातळी."

वुब्बोने श्वास घेतला. "दुसरी पातळी मिळवायलाच मी ही बैठक घेतोय. बैठक घेतल्याशिवाय पातळी नाही, आणि तुम्ही म्हणता पातळी असल्याशिवाय बैठक नाही."

"हो," तो माणूस आपुलकीने म्हणाला. "तसं बऱ्याच जणांचं होतं." मग त्याला दया आली. इकडेतिकडे बघून म्हणाला, "परीक्षकबाई समोर हजर असतील तर मी चालवून घेईन. पण एक विचारू? रंग कुठला धरलाय?"

"अजून ठरलं नाही."

"निळा द्या. निळा कुणाला नावडत नाही."

वुब्बो बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यात जी तिडीक गेली होती ती नदीपर्यंत चालत गेल्यावरसुद्धा उतरली नाही. सगळ्या गावाला मत होतं. मत द्यायची बंदी असलेला एकच माणूस, तो स्वतः.

आणि खरं सांगायचं तर त्यालाही एक मत होतं. त्याला लाल हवा होता.

परीक्षेचा दिवस आला. बैठक कालव्याकाठी, त्या बाकापाशीच होती. आकाश स्वच्छ, पण वारा असा की बदकंसुद्धा तिरकी पोहत होती. परीक्षक रुलविंकबाई आल्या. उंच, पांढरे आखूड केस, पायात रबरी बूट. वुब्बोने त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची, वेगळी कॉफी, आणि प्रक्रियेचं चित्र काढलेला कागद तयार ठेवला होता. बाईंनी खुर्ची एका बाजूला ओढली, पिशवीतून लोकर काढली आणि मोजा विणायला घेतला.

"मी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "मी इथे नाहीच असं समजा."

"मोजा कुणासाठी?" ओडिल्याबाईंनी विचारलं.

"नातवासाठी."

"टाच सैल होतेय."

"होय का?" म्हणत रुलविंकबाईंनी दोन ओळी उसवल्या. सुरुवात अशी झाली.

या खेपेला वुब्बोने खूप तयारी केली होती. भूमिका कमी, चिकटचिठ्ठ्या जास्त. प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहून स्टँडवरच्या फळीवर लावायचं, मग सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्यांचे गट करायचे, मग ठिपके चिकटवून मतं द्यायची. कागदावर हे इतकं सुंदर दिसत होतं की काल संध्याकाळी त्याने खेर्दीनला बोलावून ते दाखवलं होतं. बेरेंडने घड्याळ मागितलं. वुब्बोने ते दिलं, पण कागद उडू नये म्हणून वजन ठेवायला. बेरेंडला तो अपमान वाटला.

"कोंबडी वजनाला?"

"लावा चिठ्ठ्या, मंडळी," वुब्बो म्हणाला.

फ्लोरिसनेच ढीगभर लिहिल्या होत्या. बेरेंडने एक लिहिली, 'पिवळा', आणि फळीच्या मधोमध अशी थापली की फळी हलली. स्टँड हलला. कोंबडी घसरली. वाऱ्याला एवढंच पाहिजे होतं. एक झुळूक आली न आली तोच पिवळ्या, गुलाबी, हिरव्या सगळ्या चिठ्ठ्या फुलपाखरांसारख्या उठल्या आणि कालव्यात जाऊन शेवाळावर बसल्या. पाठोपाठ प्रक्रियेचं चित्र गेलं. मग स्टँड, पेन आणि कोंबडीसकट.

"पाणी मंडळ दंड लावेल!" बेरेंड आनंदाने ओरडला. "कालव्यात कचरा! वुब्बो, कुणाला फोन करायचा, तुलाच ना?"

दुसरा कुणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण वुब्बोने उभा जन्म त्या कालव्यांत कचरा टाकणाऱ्यांना पत्रं पाठवण्यात घालवला होता. त्याने बूट काढले, बेरेंडच्या अंगणातून मासे धरायची जाळी उचलली आणि तो उतरला. कालवा खोल नाही, पण गाळ आहे. पहिलं पाऊल गुडघ्यापर्यंत गेलं, दुसरं मांडीपर्यंत.

"अरे, पँट!" खेर्दीन म्हणाली.

"पँटला तसेही ठिपके आहेत," वुब्बो म्हणाला, आणि 'ओलं पोतं' लिहिलेली चिठ्ठी जाळीत घेतली.

आता काठावर काय राहिलं होतं बघा. फळी नाही, चिठ्ठ्या नाहीत, घड्याळ पाण्यात. बेरेंडला वेळ नाही, फ्लोरिसला लिहायला काही नाही. बैठक चालवणारा मांडीभर गाळात. आणि परीक्षकबाई इथे नाहीतच. तिघं नुसते उभे होते. मग ओडिल्याबाईंचे पाय दुखायला लागले म्हणून त्या बाकावर बसल्या. त्या बसल्या म्हणून बेरेंड बसला. बेरेंड बसला म्हणून फ्लोरिस. त्या गल्लीत इतका वेळ गप्प तिघं माणसं एकत्र कधी कुणी पाहिली नसतील. वुब्बोलाही काठावरून आवाज येईना म्हणून त्याने वळून पाहिलं.

ओडिल्याबाई बाकाच्या पापुद्र्यावर नख घासत होत्या. एक मोठा पापुद्रा निघाला. त्यांनी तो पाण्यात टाकला.

"मला हा पिवळा कधीच आवडला नाही," त्या म्हणाल्या.

बेरेंडने मान वळवली. "काय?"

"हर्मानने कुणाच्या तरी बोटीचा उरलेला रंग आणला होता. फुकट. मी त्याला म्हणाले, शी, हा काय मोहरीचा रंग. तर म्हणतो, सुकल्यावर बरा दिसेल. सुकला, तरी बरा दिसला नाही. त्यावरून आमचं भांडण चालू होतं आणि तो गेला. मग तुम्ही सगळे म्हणायला लागलात, हर्मानचा पिवळा, हर्मानचा पिवळा. दर वसंतात बेरेंड डाग पडले तिथे ब्रश मारून जातो. मी काय सांगणार? खिडकीतून रोज बघते आणि रोज त्याच्याशी भांडते."

बेरेंडचं तोंड उघडं राहिलं. "बाई, मी तुमच्यासाठी मारत होतो ब्रश."

"माहितीये रे. म्हणून तर बोलले नाही."

"मलाही नाही आवडत तो," बेरेंड हळूच म्हणाला. "हर्मानला पण सांगितलं होतं मी. बोटीवर शोभतो म्हणालो, बाकावर नाही."

"मग कुठला हवा तुम्हाला?" फ्लोरिसने विचारलं. इतक्या साध्या आवाजात त्याने अख्ख्या गल्लीत कधी काही विचारलं नव्हतं.

"रंगच नको," ओडिल्याबाई म्हणाल्या. "लाकूड चांगलं होतं रे ते. त्याने निवडून आणलं होतं. ते दिसलंच नाही कधी. सगळं खरवडा आणि नुसतं तेल लावा."

"तेल," बेरेंड म्हणाला.

"तेल," फ्लोरिस म्हणाला. "तेलाला परवानगीपण लागणार नाही."

झालं. ठरलं. इकडे कालव्यात वुब्बोच्या अंगात कोर्स संचारला. एकमत झालं होतं, पण नियमाने नाही! सगळ्यांची फेरी झाली नव्हती, पर्याय तपासले नव्हते, ठिपके चिकटवले नव्हते! त्याने जाळी वर उचलली. "थांबा! थांबा, मंडळी! आता आपण हे जरा नीट—"

खेर्दीन काठावर येऊन उभी राहिली. तिने कालव्यावर वाकून जाळीचा दांडा धरला आणि हळूच खाली दाबला.

"वर येऊ नकोस," ती कुजबुजली. "तिथेच उभा राहा."

"अगं, पण प्रक्रिया—"

"वुब्बो. पियानोची मुलं."

तो उभा राहिला. गाळ मोज्यांमधून आत शिरत होता. बदकं त्याला वळसा घालून जात होती. काठावर ओडिल्याबाई बेरेंडला सांगत होत्या की हर्मानने ते लाकूड कुठल्या जत्रेतून कसं सायकलवर आणलं, आणि दोघंही हसत होती. वुब्बोला तोंड उघडायची इतकी उबळ येत होती की त्याने जाळीच्या दांड्यावर दात रोवले.

रुलविंकबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "आता मी एकच प्रश्न विचारते," त्या बाकावरच्या तिघांना म्हणाल्या. "हा निर्णय तुमचा झाला. यात वुब्बो हार्टेमिंक यांनी काय केलं?"

"त्याने?" बेरेंड म्हणाला. "काही नाही. तो कालव्यात होता."

"आम्हीच ठरवलं," फ्लोरिस म्हणाला. "त्याच्याकडे चिठ्ठ्या होत्या, त्या उडाल्या. मग झालं सगळं."

"चांगला माणूस आहे हो," ओडिल्याबाई म्हणाल्या. "पण नाही. काही केलं नाही त्याने."

वुब्बोचे कान लाल झाले. काही नाही? खुर्च्या कुणी उचलल्या? नगरपालिकेत कोण बसलं? भिंतीचा कागद कुणाचा गेला? आणि या क्षणी गुडघे कुणाचे गारठलेत? डोळे उघडे असणाऱ्या कुणालाही दिसलं असतं की या माणसाला आता फार दुखलंय. तो बेरेंडवर ओरडणार होता. आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य त्याच्या घशात आलं होतं.

रुलविंकबाई रबरी बूट वाजवत कालव्याच्या कडेला आल्या. "आणि तुमच्या मते? तुम्ही काय केलंत?"

वुब्बोने खेर्दीनकडे बघितलं. मग लोटेचा तो खांद्यावरचा हात आठवला. मग बाकावर हसणाऱ्या ओडिल्याबाईंकडे बघितलं. पापुद्रे सोलताना त्यांची बोटं पिवळी झाली होती.

"काही नाही," तो म्हणाला. "मी काही केलं नाही."

बाईंनी मान डोलावली. "दुसरी पातळी देते तुम्हाला. खरं तर आज जे घडलं ते चौथीचं होतं. पण चौथीला अनुभव लागतो, एकदाच पाण्यात उभं राहून भागत नाही. शिवाय मघाशी वर यायला निघाला होतात, ते मी बघितलं."

खेर्दीनने टाळी वाजवली आणि एरवी कधी न होणारी गोष्ट झाली, तिने बिस्किटांचा डबा आणला आणि उघडाच ठेवला. बेरेंडने वुब्बोला हात देऊन वर ओढलं. त्याची पँट कमरेपर्यंत हिरवी होती.

"शाबास रे," बेरेंड म्हणाला. "आता तेल कुठलं? मी म्हणतो बोटीचं. ते टिकतं."

"बोटीचं चकाकतं," फ्लोरिस म्हणाला. "जवसाचं घेऊ."

"जवसाचा वास येतो."

"मला काहीही चालेल," ओडिल्याबाई म्हणाल्या.

तिघांनीही एकदम वुब्बोकडे पाहिलं. फ्लोरिसने गाळातून निघालेलं जाड पेन पुसून त्याच्यापुढे धरलं. बेरेंडच्या हातात कोंबडी होती. पाणी निथळत होतं, पण ती चालू होती.

"वुब्बो, चालव ना बैठक," बेरेंड म्हणाला. "आता तुझ्याकडे पातळी आहे."

वुब्बोने पेन बघितलं, कोंबडी बघितली. मग बूट हातात घेतले आणि ओल्या मोज्यांनी गवतावरून चालू लागला.

"मला आता निघायलाच हवं," तो म्हणाला.